कापड बोटांनी वाचावे

शेतकऱ्याच्या घरात कापसाची पारख सगळ्यांनाच असते. चिमूटभर कापूस ओढून धागा लांब की आखूड, हे आमच्या सासूबाई बोलता बोलता सांगत. पण तोच कापूस कापड होऊन दुकानाच्या फळीवर गेला, की आपण दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत बसतो. तो म्हणेल ते सुती, तो सांगेल तो भाव!

आमचे गाव जळगाव जिल्ह्यात. शेतीचे काम सांभाळून मी बावीस वर्षे शिवणकाम करते. माझी गिऱ्हाईके म्हणजे निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बायका. दिवसभर उन्हात वाकून काम करायचे आणि अंगात पॉलिएस्टरचे ब्लाऊज असले, तर घाम टिपला जात नाही, काखेत पुरळ उठते. म्हणून यंदा पहिल्या वेचणीची मजुरी हाती आल्यावर चौदा जणींनी मला पैसे आणून दिले. "मावशी, भाचीकडे मुंबईला चाललाच आहात, तर आम्हाला अस्सल सुती कापड आणा." प्रत्येकीची दोन ब्लाऊजे. पैसे दुसऱ्याचे आणि कष्टाचे, म्हणून काळजी वाटत होती. प्रत्येकीच्या साडीचे दोरे मी वहीत टाचले आणि पुढे नाव लिहिले.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून चालत महात्मा फुले मंडईपाशी जाता येते. जुने लोक तिला क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. जवळच मुळजी जेठा आणि मंगलदास ही कापडाची मार्केटे आहेत. मुळजी जेठात मुख्यतः ताक्यांचा ठोक व्यापार चालतो. मंगलदासमध्ये मीटरवर कापड मिळते. छपराखाली अरुंद गल्ल्या, दोन्ही अंगांना छतापर्यंत रचलेले रंग, आणि मधून डोक्यावर गठ्ठे घेऊन जाणारे हमाल! शिवणाऱ्या बाईचे भान हरपावे असाच तो बाजार. एके काळी मुंबईच्याच गिरण्यांचे कापड इथे येई. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आता भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवरचे कापड दिसते आणि सुरतेचे कृत्रिम धाग्याचेही.

ब्लाऊजला मला 'टू बाय टू' रुबिया हवे होते. उभा आणि आडवा, दोन्ही धागे दुपेडी असतात, म्हणून हे नाव. ते दाट आणि टिकाऊ असते. पहिल्या दुकानात शेठ म्हणाले, "प्युअर कॉटन आहे, ताई." मी कापड दोन बोटांत चोळले. पांढरी भुकटी पडली. म्हणजे दाटपणा खळीचा होता. एका धुण्यात जाळी झाली असती. दुसऱ्या दुकानातला पोत छान लागला. "भाऊ, बोटभर चिंधी कातरून द्या," म्हटले. बाजारात काडी ओढायची नाही, म्हणून मोकळ्या रस्त्यावर येऊन दोन धागे पेटवले. सुती धागा जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. इथे वितळून कडक मणी झाला. भेसळच ती!

तिसऱ्या दुकानातल्या धाग्याची राख झाली. ओल्या रुमालावर चिंधी घासली, रंग उतरला नाही. मग वही काढली. दुकानातल्या दिव्याखाली रंग फसवतात, म्हणून प्रत्येक तुकडा दारात उजेडाला नेऊन दोऱ्याशी जुळवला. दुकानातला म्हातारा कामगार कंटाळला नाही. उलट म्हणाला, "ताई, असं पाहून घेणारं गिऱ्हाईक आता थोडं."

पन्ना मात्र मोजून घ्यावा. ३६ इंची कापड ९० रुपये मीटर आणि ४४ इंची १०० रुपये असेल, तर आपण ९० चे घेतो. पण हिशेब करा : पहिले रुंदीच्या इंचामागे अडीच रुपये पडते, दुसरे सव्वादोनच्या आसपास. कातरताना बेत नीट बसला, तर महागाचे स्वस्त पडते. आणि सुती कापड पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावे. आटायचे ते आधीच आटू द्यावे.

एका ब्लाऊजच्या कापडात शंभर ग्रॅम रुईसुद्धा नसते. आपण क्विंटलांनी कापूस घालतो आणि तेवढी रुई परत घेताना फसतो! परत आल्यावर मी चौदा जणींना ओट्यावर बसवून खळ, धागा, रंग आणि पन्ना या चारही परीक्षा करून दाखवल्या. उरलेल्या चिंध्या वाटून दिल्या. परवा त्यातली एक आठवडी बाजारात गेली होती. पोरीच्या फ्रॉकचे कापड तिने चोळून पाहिले, भुकटी पडली, तशी ती सरळ पुढच्या दुकानाकडे वळली.