मी माणूस आहे

मेम्फिसला लोक बहुधा गाण्यासाठी जातात. बील स्ट्रीटवर ब्लूज ऐकतात, एल्व्हिस प्रेस्लीचं घर पाहतात, बार्बेक्यू खातात. दोन दिवस मीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी लोरेन मोटेलला गेलो. ४ एप्रिल १९६८ रोजी इथल्याच सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली. आता तिथे नागरी हक्क चळवळीचं संग्रहालय आहे.

किंग त्या शहरात कशासाठी आले होते, हे मला तिथे पोचेपर्यंत ठाऊक नव्हतं. ते आले होते कचरा उचलणाऱ्या कामगारांसाठी. त्या वर्षी १ फेब्रुवारीला भर पावसात एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार आडोशासाठी कचऱ्याच्या गाडीत मागच्या बाजूला शिरले. कचरा दाबणारं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघंही चिरडले गेले. पुढे १२ तारखेला सुमारे १,३०० कामगारांनी, जवळपास सगळ्याच कृष्णवर्णीयांनी, काम बंद केलं.

मिसिसिपीच्या उंच काठावर १८१९ साली वसवलेलं हे शहर कापसावर मोठं झालं, आणि कापूस गुलामांच्या कष्टांवर. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत इथे पाच हजारांहून अधिक माणसं मेली. ज्यांना परवडलं ते पळाले. मागे राहिलेल्यांत कृष्णवर्णीय जास्त होते. पुढच्या वर्षी कर्जबाजारी शहराची सनदच गेली. हा रोग डासांमुळे पसरतो हे तेव्हा माहीत नव्हतं. दोष घाणीला दिला गेला आणि १८८० मध्ये नवी गटारं बांधायला घेतली. स्वच्छतेची किंमत या शहराला अशी कळली होती. स्वच्छता करणाऱ्याची मात्र नव्वद वर्षांनंतरही कळली नव्हती.

संपकऱ्यांच्या हातातल्या फलकावर चारच शब्द होते : आय ॲम अ मॅन. रात्री फोनवर आईला ते सांगताना मी अडलो. 'मॅन' म्हणजे पुरुष की माणूस? मग म्हटलं, "तिथले गोरे साठीच्या काळ्या माणसालाही 'बॉय' म्हणायचे गं. त्याला हे उत्तर होतं."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांना मुकादम रिटायर होईपर्यंत 'ए पोऱ्या' म्हणायचा. माणूसच म्हण तू."

आजोबा एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. शाळेत कुणी विचारलं तर मी 'नगरपालिकेत नोकरीला आहेत' एवढंच सांगायचो. ऐकणाऱ्याला ते कारकून वाटले तर वाटू द्यायचो.

संप १६ एप्रिलला मिटला. युनियनला मान्यता मिळाली, पगार वाढला. किंगना जाऊन बारा दिवस झाले होते.

निघायच्या दिवशी मी क्लेबॉर्न टेंपल या चर्चशेजारच्या चौकात गेलो. संपकरी तिथूनच मोर्चाला निघत. आता तिथल्या भिंतीवर त्यांची नावं कोरली आहेत. मी ती सावकाश वाचत होतो. शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी विचारलं, "तुमचं कुणी आहे का यांत?"

"नाही," मी म्हणालो. "पण माझे आजोबा हेच काम करायचे. भारतात."

परक्या माणसाला हे मी पहिल्यांदाच सांगत होतो. त्यांनी मान डोलावली आणि बोट ठेवून एक नाव मला दाखवलं.