चौथा गोळा

विमान अगदी खालून गेलं की आमचा पलंग गुणगुणायचा.

कलिना गावठाणाच्या कडेला आमचं बैठं घर होतं. सांताक्रूझचा विमानतळ इतका जवळ, की पाहुणे बोलता बोलता थांबायचे आणि आम्ही मात्र आवाज चढवून वाक्य पुरं करायचो. पलंगाच्या चार खांबांवर मोसंब्याएवढे चार पितळी गोळे. त्यांतला पायथ्याचा, खिडकीकडचा चौथा गोळा आट्यांत सैल होता. विमानाची घरघर भिंतीत शिरली की तो थरथरायचा आणि बारीक, ताणलेला सूर धरायचा. आजी त्याच्या आट्यांवर शिवणाचा दोरा गुंडाळून तो घट्ट करायची. दोन महिने शांततेत जायचे, मग दोरा चेपायचा आणि सूर परत यायचा.

आजोबा लोअर परळला बी.बी.सी.आय. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. १९४८ साली सांताक्रूझ पश्चिमेला एका बंगल्यातलं सामान विकायला निघालं, त्यातून त्यांनी हा पलंग घेतला आणि रुळांच्या पलीकडून हातगाडीवर घालून घरी आणला. महिन्याच्या पगाराहून जास्त पैसे मोजले म्हणून आजी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, कारण चार रात्री तिला एकही ढेकूण चावला नव्हता.

गिरगावातल्या चाळीत लाकडी खाटेवर तिने वर्षं काढली होती. दर रविवारी खाट गॅलरीत उन्हात टाकायची, चुळांमध्ये उकळतं पाणी ओतायचं, आणि सोमवारी पुन्हा तेच. धातूच्या पलंगाला ढेकणांनी घर करावं अशा फटी नसतात. इंग्लंडातल्या लोकांनीही एकोणिसाव्या शतकात बरेचसे याच कारणासाठी लाकूड सोडून लोखंडी आणि पितळी पलंग धरले. बर्मिंगहॅम हे त्या धंद्याचं गाव. १८५१ सालच्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात तिथले पितळी पलंग मांडले होते. सुटे करून पेटीत भरता येतात, म्हणून ते बोटींनी जगभर गेले. वॉटसन हॉटेलचा अख्खा लोखंडी सांगाडाच इंग्लंडातून सुट्या भागांत येऊन काळ्या घोड्याजवळ उभा राहिला होता. त्या मानाने पलंग म्हणजे किरकोळ सामान.

आजोबांचा जीव जडला तो सांध्यांवर. उशाचा भाग आणि पायथ्याचा भाग समोरासमोर उभे करायचे. बाजूच्या दोन लोखंडी पट्ट्यांच्या टोकांना खाली निमुळत्या होत गेलेल्या ओतीव खुंट्या असतात. त्या खांबांवरच्या खोबणीत सोडायच्या आणि वरून लाकडी हातोडीने ठोकायच्या. नट नाही, बोल्ट नाही. झोपणाऱ्याच्या वजनाने सांधा आणखी खाली बसतो, आणखी घट्ट होतो. "माणूस झोपला की पलंग मजबूत होतो," असं आजोबा म्हणायचे, आणि येईल त्याला पट्टी काढून, परत ठोकून दाखवायचे.

घासणं मात्र बायकामुलांकडे. दिवाळीच्या आदल्या रविवारी अंगणात पोतं अंथरायचं, गोळे पिरगाळून काढायचे, परातीत चिंच कोळायची, त्यात मीठ टाकायचं. चिंचेचा कोळ लावला की काळवंडलेलं पितळ डोळ्यांदेखत पिवळं होत जायचं आणि कोळ हिरवट काळा. बोटांना पुढचे दोन दिवस पितळेचा वास. दाराच्या कडीला, एसटीच्या दांड्याला येतो तोच. गोळा स्वच्छ झाला की मी तो डोळ्यांजवळ धरायची. त्यात सगळं अंगण मावायचं: तुळस, विहिरीचा कठडा, मागच्या तबेल्याचं छप्पर, आजीचा वाकलेला पाठकणा, आणि मधोमध माझं भलंथोरलं नाक.

आजीची एक गोष्ट मी तेव्हा कटकट समजायची. घासून झालं की ती ओल्या फडक्याने दोनदा पुसायला लावायची, मग कोरड्याने, मग ऊन. "चिंच राहिली तर पितळ तांबडं पडतं." पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट तसंच राहिलं तर ते जस्ताला आधी खातं, मागे उरतं ते तांबं, म्हणून तांबडा डाग. हे मला फार पुढे समजलं. आजीला त्यातलं जस्त ठाऊक नव्हतं, डाग ठाऊक होता.

१९७५ साली आत्याचं लग्न ठरलं. पलंग चकचकीत दिसावा म्हणून बाबांनी एका पॉलिशवाल्याला बोलावलं. त्याने मोटार आणली, चाक लावलं आणि तेजाबाच्या बाटल्याही आणल्या. संध्याकाळपर्यंत पलंग आरशासारखा झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आजी जवळ गेली, खांबाच्या मध्यावरच्या ओतीव फुलावरून तिने अंगठा फिरवला आणि म्हणाली, "पाकळ्या कुठे गेल्या?" फुलाच्या बारीक रेघा चाकाने खाऊन टाकल्या होत्या. खांबावर दोन ठिकाणी पितळ संपून खालून करडं काहीतरी डोकावत होतं. त्या दिवसापासून मला चमकणाऱ्या जुन्या वस्तूचा लगेच आनंद होत नाही. घासताना फडक्यावर जी काळी मळी येते, ती मळ कमी आणि पितळच जास्त असते. दर दिवाळीला आम्ही पलंगाचा थोडा थोडा भाग पुसून गटारात सोडत होतो. हाताने घासलं तर त्याला शंभर वर्षं लागतात, चाकाला एक दुपार पुरते.

आजोबा गेले, आजी गेली, आत्या सासरी. पलंग बाबांचा झाला.

२६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्या आकड्याबरोबर आमच्या गावाचं नाव जगभर छापून आलं. मी फोर्टात बँकेत अडकले होते. आई पुण्याला मावशीकडे. घरात बाबा एकटे, एकोणसत्तर वर्षांचे. मिठी नदीचं पाणी संध्याकाळी उंबऱ्याशी आलं, रात्री गादीच्या वर गेलं. बाबांनी पलंगावर ट्रंक चढवली, तिच्यावर तांदळाचा डबा आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन बसले, एका हाताने पायथ्याचा खांब धरून. फोन बंद, दिवे बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चालत चालत पोचले तेव्हा पाणी उतरलं होतं आणि ते तसेच बसलेले होते. रात्रभर काय केलंत, असं विचारलं तर म्हणाले, "गोळा कधी वाजतो ते ऐकत होतो."

विमानतळ तीस तासांहून जास्त बंद होता. चौथा गोळा वाजला तेव्हा आम्ही दोघं फिनेलच्या पाण्याने जमीन पुसत होतो. बाबा हातातलं फडकं टाकून खाली बसले आणि पहिल्यांदा रडले.

पुराचं पाणी पलंगाने लगेच दाखवलं नाही. दोन वर्षांनी खालच्या खांबांना उभ्या भेगा दिसू लागल्या, त्यांतून तपकिरी ओघळ. पुढे जागा विकासकाकडे गेली. त्याआधी २०२० सालची टाळेबंदी आली. २५ मार्च ते २५ मे देशांतर्गत प्रवासी विमानं बंद होती. एखादं मालवाहू विमान सोडलं तर गोळा गप्प होता. बाबा त्याच दिवसांत गेले, घरीच, याच पलंगावर. शेवटच्या आठवड्यात दोनदा त्यांनी मला विचारलं, "बंद आहे ना अजून?"

घर पाडायच्या आधी पलंग सुटा केला. आजोबांच्या त्याच लाकडी हातोडीने खालून वर चार ठोके, आणि पंधरा मिनिटांत पलंग भिंतीला टेकून उभा. भाड्याच्या घरात तो तीन वर्षं माळ्यावर पडून होता. नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर जागा मिळाली तेव्हा मी तो टेम्पोत घालून ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात नेला. तिथल्या एका गल्लीत पितळेचं काम करणारे एक कारागीर आहेत, मूळचे मुरादाबादचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

चाचांनी आधी पलंगाला हात लावला नाही. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं आणि खांबाला लावलं. ते टक्कन चिकटलं. "ताई, ये पूरा पीतल नहीं. लोहे पे पीतल की चादर है."

आत लोखंडी नळी, वर पातळ पितळी पत्रा ओढून बसवलेला, त्याची शिवण आतल्या बाजूला दिसणार नाही अशी. गोळे आणि फुलं तेवढी अस्सल पितळेची. बर्मिंगहॅमचे पुष्कळ पलंग असेच असतात, वजन पेलायला लोखंड आणि दिसायला पितळ. मला क्षणभर फसवल्यासारखं झालं. आजी सगळ्यांना सांगायची, आमचा पलंग भरीव पितळेचा आहे म्हणून. आजोबा फिटर होते, त्यांना पहिल्या दिवशीच कळलं असणार. त्यांनी ते आजीला कधी सांगितलं नाही.

खालच्या भेगांचं कारण सरळ होतं. आतल्या लोखंडाला गंज चढला, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्याने शिवण उसवली. वरच्या आडव्या दांड्यावरचे तडे मात्र वेगळे होते, केसासारखे बारीक, लांबीच्या दिशेने, आणि तिथे गंजाचा मागमूस नाही. चाचा म्हणाले, हे मारामुळे नाही, हे हवेमुळे. हवेमुळे पितळ कसं फाटेल, हे मला पटेना. मग मी वाचायला बसले. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांत साठवलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे. कोठारं घोड्यांच्या पागांजवळ असायची. मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पत्रा ओढताना धातूत राहून गेलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ फाटतं. १९२१ साली इंग्लंडातल्या संशोधकांनी हे कारण मांडलं. इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात, ऋतूने पडलेले तडे.

वाचता वाचता मला अंगणातला गोळा आठवला आणि त्यात दिसणारं तबेल्याचं छप्पर. आमच्या मागच्या खिडकीपासून वीस पावलांवर म्हशी होत्या. पावसाळ्यात तो वास डोळ्यांना झोंबायचा, आणि उशाचा दांडा नेमका त्या खिडकीखाली होता. तेव्हापासून काच पुसायचा किंवा पितळ उजळायचा अमोनियावाला द्राव मी पलंगाजवळ येऊ देत नाही.

चाचांनी मोटार लावली नाही. मी तशी विनंती करणार होते, त्याआधीच ते म्हणाले की चादर पातळ आहे, चाक लावलं तर लोखंड दिसेल. खालच्या दोन खांबांचे तळ त्यांनी उघडले आणि नळी वर्तमानपत्रावर आपटली. आतून करडी, बारीक माती पडली. वाळलेली, हलकी, दोन मुठी तरी. त्यात प्लॅस्टिकचा एक निळा तुकडा होता. मी काही बोलले नाही, पण चाचांनी ती माती झाडली नाही. वर्तमानपत्राची पुडी करून माझ्या हातात दिली.

गंजलेली नळी काढून नवी बसली, उसवलेल्या शिवणीला डाख दिला. मग पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर, चारशे नंबरपासून वर वर, मग सुती फडक्यावर साबण म्हणतात ती पॉलिशची वडी. एका खांबाला दीड दिवस. शेवटी लाकडाच्या कोरड्या भुशाने चिकटपणा टिपून घेतला. मी रोज जाऊन बसत होते, दुसऱ्या दिवसापासून फडकं मीही घेतलं. पाकळ्या गेलेल्या फुलांवर त्यांनी नव्या रेघा कोरू का, असं विचारलं. मी नको म्हटलं. आजीच्या अंगठ्याला ज्या सापडल्या नाहीत, त्या आता कोणासाठी कोरायच्या?

लाखेचा किंवा रसायनाचा थर देण्यालाही मी नकार दिला. थर दिला की वर्षानुवर्षं घासायला नको, हे खरं आहे. पण समुद्राच्या हवेत चार-पाच पावसाळ्यांत ओल थराखाली शिरते, डाग आत पडतात, आणि मग सगळा थर सोलून काढावा लागतो. माझा पलंग दिवाळीला चिंच मागेल, मी देईन. हात चालेनासे होतील तेव्हा भाची येते म्हणाली आहे. तिला दोनदा ओल्या फडक्याने पुसायचं आत्ताच शिकवून ठेवलंय.

गेल्या महिन्यात पलंग घरी आला. लिफ्टमधून तीन खेपा, मग हातोडीचे चार ठोके. रात्री गादी घातली, दिवा मालवला. सातव्या मजल्यावरून विमानं आता समोर दिसतात, दिव्यांची रांग धावपट्टीकडे उतरत जाते. एक गेलं. दुसरं गेलं. खिडकीची काच थरथरली, पलंग गप्प. तेव्हा लक्षात आलं, चाचांनी चारही गोळ्यांच्या आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली होती. काम चोख होतं.

मी कूस बदलली, परत बदलली. दीड वाजता उठले, अंधारातच पायथ्याशी गेले, चौथा गोळा पिरगाळून काढला, टेप सोलली आणि गोळा परत बसवला, अर्धा आटा सैल ठेवून. मग खांबाशी जमिनीवर बसून राहिले.

तिसरं विमान यायला फार वेळ लागला नाही.