तट्टाची गाडी

वाहन पाहायला गेलेला माणूस पहिल्याने काय करतो? तो गादी दाबून पाहतो. मोटार असो, बग्गी असो, नाही तर साधी बैलगाडी असो. त्याचा तळहात आपोआप बसण्याच्या जागेकडे जातो. गादी मऊ लागली की त्याचा चेहरा खुलतो, आणि उरलेल्या गाडीविषयी तो मनातल्या मनात अनुकूल मत करून टाकतो. मुलगी पाहायला गेलेल्या मंडळींनी पोह्यांवरून निकाल द्यावा, तसाच हा प्रकार. पोहे चांगले असले तर आनंदच आहे; पण संसार काही पोह्यांशी करायचा नसतो.

ज्या गाडीला जनावर जुंपायचे असते, तिथे सुखाचे वाटेकरी दोन असतात. एक बसणारा, दुसरा ओढणारा. बसणारा पैसे मोजतो, म्हणून गाडी त्याच्या पसंतीने घेतली जाते. ओढणाऱ्याला कुणी विचारीत नाही. गेल्या हिवाळ्यात एका लहानशा तट्टासाठी गाडी निवडण्याचे काम माझ्याकडे आले, आणि या दुसऱ्या वाटेकऱ्याशी माझा चांगला परिचय झाला.

आमचे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. 1999 साली हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला. त्याआधी आम्ही परभणीकर होतो. जिल्हा बदलला, पण शेताला जाणारी पांदण काही बदलली नाही. ती पावसाळ्यात चिखलाची असते, उन्हाळ्यात धुळीची. आणि मधल्या महिन्यांत चाकोऱ्यांची. काळी माती ओली असताना ट्रॅक्टर तिच्यात खोल रेघा ओढून जातो आणि त्या रेघा वाळल्या म्हणजे दगडासारख्या होतात. जीपगाडीचे पोट त्यांना घासते. मोटारसायकल जाते, पण मागे बसलेल्या माणसाच्या मणक्यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

माझ्या आईने ऐंशी ओलांडली आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या कमरेचे हाड मोडले. हाड जुळले, काठी घेऊन ती अंगणात हिंडू लागली. पण हिसके बसतील असा प्रवास करू नका, असे डॉक्टरांनी बजावले. त्या दिवसापासून तिचे शेत तिला पारखे झाले. ज्या पांदणीने तिने उभा जन्म डोक्यावर पाटी घेऊन ये-जा केली, ती पांदण घराच्या ओट्यावरून दिसते. आणि दिसते म्हणूनच अधिक छळते. घरातली तरणी मुले म्हणाली, “आजी, आम्ही खाटेवरून उचलून नेतो.” तेव्हा ती म्हणाली, “खांद्यावर जायची येळ आली की जाईन. आत्ता कुणावर ओझं नको.” यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

मग तट्टू आले. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, आणि तिथला जनावरांचा, विशेषतः घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. माझा पुतण्या यात्रेला म्हणून गेला आणि एक तांबूस घोडी घेऊन परत आला. खांद्याशी जेमतेम 44 इंच. मुलांनी तिचे नाव चिमणी ठेवले. गावाने मात्र तिचे स्वागत थट्टेने केले. कुणी म्हणाले, “घोडं आणलं की खेळणं?” कुणी हिशेब मांडला की, एवढ्या पैशात जुनी स्कूटर आली असती.

तट्टाची ही अवहेलना जुनीच आहे. ‘तट्टाला टुमणी, तेजीला इशारत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. जणू अक्कल उंचीवर अवलंबून असते! पण ज्या घोडदळाचा अभिमान आपण मिरवतो, त्याचा मोठा भाग या ठेंगण्या, काटक दख्खनी तट्टांचाच होता. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांची स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच सरकारी नोंद झाली, हे वाचून मला एखाद्या दूरच्या नातेवाइकाचा सत्कार झाल्यासारखे वाटले. अमेरिकेत तर मुद्दाम लहान ठेवलेल्या घोड्यांची एक नोंदवही आहे. तिच्यात 34 इंचांपेक्षा उंच घोड्याला प्रवेश नाही. आमची चिमणी तिथे गेली असती तर दांडगी म्हणून परत पाठवली गेली असती.

घोडी आली, आता गाडी हवी. हिंगोलीला पूर्वी हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती, आणि पुढे कित्येक वर्षे स्टेशनाबाहेर टांगे उभे असत. त्यांतला एक टांगा एका गोठ्यात कडब्याखाली निघाला. ज्यांनी उभी हयात टांगा हाकण्यात घालवली असे एक वृद्ध चाचा आम्ही सल्ल्यासाठी बरोबर घेतले होते. टांगा अजून देखणा होता. मोठी चाके, पितळी फुले, रंगाची झाक. पुतण्याचा हात सरळ गादीकडे गेला. चाचा हसून म्हणाले, “गादीला काय हात लावता? गादी बाजारात मिळते. दांडी उचलून पाहा.”

मग त्यांनी आम्हांला टांग्याचे शास्त्र सांगितले. दोन चाकांची गाडी म्हणजे तराजू. आस ही तिची मधली सुई. बसणारे आसाच्या पुढे असले तर दांड्या खाली दाबल्या जातात आणि ते ओझे घोड्याच्या पाठीवर पडते. बसणारे मागे असले तर दांड्या वर उठतात, पोटाखालचा पट्टा काचतो, नि गाडी उलाळ होते. टांग्यात बसलेल्या प्रत्येकाला आठवत असेल, निघण्यापूर्वी टांगेवाला मागे वळून म्हणायचा, “जरा पुढं सरका.” आपल्याला वाटे, आणखी एक सवारी कोंबायची असेल. पुष्कळदा तसे असेही. पण कितीदा तरी तो घोड्याच्या वतीने बोलत असे.

घरी येऊन मी कागदावर आकडे मांडले. 50 किलोचा माणूस आसाच्या एक फूट पुढे बसला, आणि दांड्या आसापासून पाच फुटांवर घोड्याच्या पाठीला मिळत असल्या, तर पाठीवर 10 किलो भार येतो. तोच माणूस आसाच्या बरोबर वर सरकला तर काहीच येत नाही. एका फुटाचा प्रश्न! आणि गादी दोन्ही ठिकाणी तितकीच मऊ लागते.

त्या टांग्याला चिमणी जुंपायची म्हणजे दुसरीही अडचण होती. मोठ्या घोड्यासाठी केलेली ती चाके, आस उंच. त्यामुळे दांड्या चिमणीकडे उतरत्या झाल्या असत्या. साटी पुढे कलली असती, बसणारा घसरत पुढे आला असता, आणि सगळा भार तिच्या पाठीवर. दांड्या जमिनीशी समांतर राहिल्या पाहिजेत, हे पहिले पथ्य.

तिसरी गोष्ट कमानींची. टांग्याच्या कमानीला सात पाटे होते. पाच धडधाकट माणसांच्या वजनाला त्या सुरेख लवत असणार. पण माझी आई आणि सडपातळ पुतण्या एवढेच बसले तर त्या हूं की चूं करणार नाहीत. न लवणारी कमान म्हणजे नक्षीदार लोखंड. लंडनच्या ओबाडाया इलियटने 1804 साली घोडागाडीच्या कमानीचे पेटंट घेतले, तेव्हापासून गाड्या हलक्या आणि सुखाच्या होत गेल्या. पण कमान कुणासाठी केली आहे हे पाहिल्यावाचून ती सुख देत नाही. पातळ पाट्यांची जुडी एका जाड पट्टीपेक्षा बरी असते, हेही मला तेव्हाच उमगले. लवताना पाट्यावर पाटा घासतो आणि त्या घासण्यात हिसका विरून जातो; नाही तर खड्डा संपला तरी गाडी आपली नाचतच राहते.

त्यानंतर वरातीची एक बग्गी पाहिली. चार चाके, चंदेरी पत्रा, तांबडी मखमल. चार चाकांची गाडी स्वतःचा तोल स्वतः सांभाळते, घोड्याच्या पाठीवर दांड्यांपलीकडे वजन येत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती चिमणीला फार जड होती, आणि आमच्या पांदणीत तिला वळायला जागा नव्हती. आईला तिचा फोटो दाखवला. ती म्हणाली, “या वयात मला कुठं मिरवता? मी लग्नात दमणीतून आले, तेवढं पुरे.”

शेवटी गाडी करून घ्यायचे ठरले. गावातले सुतार आणि एक वेल्डिंगवाला यांनी डोके लावले. लोखंडी नळ्यांचा हलका सांगाडा केला. मोटारसायकलची चाके लावली. त्यामुळे आस खाली आली, आणि चढण्याची पायरी वीतभर उंचीवर बसवता आली. दांड्या खालच्या सांगाड्याला जोडल्या आणि बसायचा पाट त्यांच्यापासून वेगळा ठेवून त्याच्याखाली तीन पाट्यांच्या कमानी घातल्या. हे चाचांचे सांगणे. दांड्या वरच्या साटीला जोडल्या तर साटी जितकी झुलते तितक्या त्याही झुलतात, आणि बसणाऱ्याला पाळणा वाटतो तो घोड्याच्या पाठीला हातोडा होतो. पाटाखाली सरकती पट्टी घातली. एक माणूस बसला की पाट थोडा पुढे, दोघे बसले की थोडा मागे.

हवेच्या चाकाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर केले. हा डनलॉप व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर होता. त्याचे नाव आमच्याकडे बैलगाडीला मिळाले. डनलॉप गाडी म्हटले की खेड्यातल्या पोरालाही समजते. आपल्याकडे ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 साली जे नियम झाले, त्यांतही लोखंडी धावेच्या चाकापेक्षा हवेच्या चाकाला अधिक वजनाची मुभा आहे. कारण ओढ कमी लागते. त्याच नियमांत असे आहे की, दिवसात नऊ तासांहून जास्त, किंवा विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून जास्त जनावर राबवू नये, आणि पारा 37 अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपू नये. मराठवाड्याचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला या कलमाचे महत्त्व सांगायला नको. हवेच्या चाकाचा आमच्याकडे एकच वैरी, बाभळीचा काटा. म्हणून पंक्चरचे सामान पाटाखाली ठेवले आहे.

गाडी तयार झाली तेव्हा चाचांनी आईला पाटावर बसवले, पुतण्याला शेजारी बसवले, आणि घोडी न जुंपता दांडी दोन बोटांवर धरली. “अम्मा, जरा पुढं सरका.” आई सरकली. “नाही, थोडं मागं.” तिसऱ्यांदा तो सांगणार एवढ्यात आई स्वतःच दोन बोटे सरकली आणि म्हणाली, “आता पाहा, भाऊ.” दांडी त्यांच्या बोटांवर पिसासारखी राहिली. चाचा चकित झाले. मला नवल वाटले नाही. पाण्याची घागर, शेणाची पाटी, कडब्याची पेंढी, अशी साठ वर्षे जिने डोक्यावर तोलली, तिला तोल शिकवणारे आपण कोण? ओझे जागच्या जागी असले की जाणवत नाही आणि जरा कलले की मान मोडते, हे तिच्या मानेला पाठ होते.

फेब्रुवारीत हळद निघाली आणि शेतात कढया चढल्या. एके दिवशी सकाळी आई निघाली. मी मागून पायी चालत होतो. चाकोऱ्या आल्या की पाट हळूच दबे आणि वर येई. दांड्या मात्र स्थिर. चिमणीचे कान पुढे होते; ते मागे पडले असते तर मी गाडी थांबवणार होतो. दीड मैलाची वाट. मध्ये एकदा सावलीला थांबलो, तेही आईला बाभळीखालची जुनी विहीर पाहायची होती म्हणून.

शेतात शिजत्या हळदीची वाफ पसरली होती. बायका धावत आल्या, हात पुढे झाले. पण आई पायरीवर पाय ठेवून आपली आपण उतरली. मला वाटले, ती आधी कढईकडे जाईल. ती काठी टेकीत घोडीकडे गेली. पूर्वी बैलांच्या मानेखाली पाहायची तसा खोगिराखाली हात घालून तिने पाठ चाचपली. घाम आहे का, कुठे तापले आहे का. मग हात पुसून म्हणाली, “हिला कळलं बी नाही, मी बसले ते.”

डॉक्टरांनी तिला बरे म्हटले तेव्हाही तिच्या तोंडावर इतके समाधान मी पाहिले नव्हते.

आता तिने नरसीचे नाव काढले आहे. दिवाळी झाली की नामदेवांच्या गावी जाऊन यायचे म्हणते. एवढ्या लांब चिमणीला नेणे बरे नव्हे, असे मी जपून म्हटले. तिने माझ्याकडे असे पाहिले की, जणू मीच अजून शाळेत जातो आहे.

“तिला कशाला? डांबरी सडक आहे, मोटारीनं जाऊ,” ती म्हणाली. “मोटारीला काय, पाठ थोडीच असते!”