लाटणं कुणाच्या हातचं?

मित्रांनो, भातुकली कधीच खेळला नाही, असा तुमच्यात कुणी आहे का? मुलगेसुद्धा हळूच खेळतात, बरं का! त्या भातुकलीतला बोटभर लांबीचा पोळपाट, करंगळीएवढं लाटणं, इवलंसं जातं, लाल-पिवळी चूल... हे सगळं जिथं लाकडात घडतं, त्या गावाला आज जाऊ या. गावाचं नाव सावंतवाडी.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं हे गाव गोव्याच्या अगदी शेजारी आहे. कोल्हापूर-बेळगावकडून यायचं तर आंबोलीचा घाट उतरावा लागतो. पावसाळ्यात हा घाट म्हणजे धुकं आणि धबधबे! मुंबईकडून यायला कोकण रेल्वे आहे. ती १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाली. ‘सावंतवाडी रोड’ स्टेशनवर उतरलं की गाव थोडं दूर राहतं, तिथून रिक्षा किंवा एस.टी. पकडायची. गावात शिरलं की मोती तलाव दिसतो आणि त्याच्या काठावर सावंत-भोसले घराण्याचा लाल राजवाडा.

या राजवाड्यात आजही लाकूडकाम आणि रंगकाम चालतं. ही कला मागे पडू लागली होती, तेव्हा १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी तिला पुन्हा उभं केलं. गंजिफा नावाचे गोल, हातानं रंगवलेले पत्ते इथलेच. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पानं असतात!

पण आपल्याला जायचंय चितारआळीत. चितारी म्हणजे रंगकाम करणारे कारागीर. त्यांची ही आळी. दुकानांतून लाकडी आंबे, केळी, सीताफळं मांडलेली असतात. इतकी हुबेहूब, की हात लावून पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. शेजारीच पाट, चौरंग, भातुकलीचे डबे आणि खरेखुरे पोळपाट-लाटणी.

खेळण्यांसाठी पांगाऱ्याचं लाकूड वापरतात. वसंतात लालभडक फुलांनी पेटल्यासारखा दिसतो, तोच हा पांगारा. त्याचं लाकूड हलकं आणि मऊ. पण स्वयंपाकघरातल्या लाटण्याला असलं मऊ लाकूड चालत नाही. तिथं सागवान, शिसव असं टणक लाकूड हवं. लाकूड कुठलंही असो, ते आधी चांगलं वाळवावं लागतं. ओल्या लाकडाचं लाटणं केलं, तर वाळता वाळता ते वाकतं नाहीतर तडकतं. म्हणजे घाई करून चालत नाही!

वाळलेला तुकडा लेथवर गरगर फिरतो आणि कारागीर त्याला पटाशी लावतो. भुसा उडतो, साल सोलल्यासारख्या कुरळ्या चकत्या निघतात. बघता बघता चौकोनी तुकडा गोल होतो. मग फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घासल्यानं उष्णता तयार होते, लाख वितळते आणि लाकडावर चढते. ब्रश नाही की रंगाचा डबा नाही! आणि ही लाख येते कुठून? पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या एका चिमुकल्या किड्यापासून.

आता एक गंमत पाहा. पोळपाटाला पाय किती असतात? स्वयंपाकघरात जाऊन मोजा. बहुतेक वेळा तीनच! खुर्चीला चार, टेबलाला चार, मग पोळपाटाला तीन का? कारण तीन पाय कुठल्याही उंचसखल जमिनीवर नीट टेकतात. चार पायांतला एक अधांतरी राहिला, की डुगडुग सुरू. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पोळ्या लाटणाऱ्या आपल्या पणजीला हे भूमितीचं पुस्तक न वाचताच ठाऊक होतं.

लाटण्याचंही तसंच. मधे किंचित फुगीर, टोकांकडे निमुळतं. भातुकलीतलं लाटणं चार वर्षांच्या मुलीच्या मुठीसाठी, तर खरं लाटणं आईच्या तळव्यासाठी. वस्तू तीच, पण हात बदलला की माप बदललं. म्हणून तर लग्नातल्या रुखवतात पोळपाट-लाटणं मांडायची रीत आहे. दागिना कधीमधी अंगावर चढतो. लाटणं मात्र रोज हाताशी येतं, आणि ज्यानं दिलं त्याची आठवण रोज होते.

आज प्लॅस्टिकची भातुकली स्वस्तात मिळते आणि दोन महिन्यांत मोडते. लाकडी भातुकली महाग वाटते खरी. पण वाळवणं, कातणं, लाख चढवणं या साऱ्याचे दिवस त्या किमतीत असतात. ते दिवस कुणी विकतच घेतले नाहीत, तर कारागिरांची मुलं या कामाला का बसतील? दुकानात घासाघीस करताना आई-बाबांनी एवढं जरूर लक्षात घ्यावं.

लाटणं कातायला लेथ हवा, सराव हवा. पण कोकणातली एक वस्तू तुम्हीही करू शकता. ती म्हणजे करवंटीचा डवला, अर्थात डाव. जुन्या घरांतून आमटी, सार, पेज यानंच वाढत. याची मूठ तापत नाही, मातीचं भांडं फुटत नाही, पितळेच्या भांड्याची कल्हई खरवडली जात नाही आणि कोकमाच्या आंबटपणानं तो कळकतही नाही.

तीन डोळे नसलेली करवंटी निवडा. बाहेरच्या शेंड्या खरवडून काढा आणि आतून-बाहेरून पॉलिश पेपरनं घासा. गुळगुळीत होईपर्यंत, कंटाळा न करता! काठाच्या जरा खाली समोरासमोर दोन भोकं पाडायची. हे काम मात्र मोठ्या माणसाकडूनच करून घ्या. त्यांतून बांबूची तासलेली काठी घट्ट बसवा. शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवला, की करवंटी काळ्या शिसवीसारखी चमकते. वापरल्यावर डवला पाण्यात भिजत ठेवू नका. धुऊन सावलीत वाळवा.

एक गोष्ट विसरू नका. काठी तासण्याआधी ज्यांना डवला द्यायचा, त्यांचा हात बघून घ्या. आजीची बोटं दुखत असतील, तर मूठ जरा जाड ठेवा. आजोबा डावखुरे असतील, तर त्यांना वाढताना नीट पाहा. बाजारातल्या वस्तूला तुमच्या आजीचा हात ठाऊक नसतो. तुम्हाला तो ठाऊक आहे, आणि भेटीची खरी किंमत तिथंच आहे.

मग, येत्या सुट्टीत कुणाचा हात पाहणार?