पोलादपुरातलं सफरचंद आणि पातेऱ्याचा वाद

मामांनी परसात सफरचंद लावायचं काढलं तेव्हा मामी एवढंच म्हणाली, "आधी आंब्याला काय घालायचं ते घाला." मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेल्या चाकरमान्याला असे बेत सुचतातच. पण या बेताला आधार होता. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मांनी एचआरएमएन-99 ही जात काढली. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एरवी सफरचंदाला फुलायला हिवाळ्यात हजारएक तास सात अंशांखालची थंडी लागते. या जातीचं तसल्या थंडीवाचून भागतं, म्हणून ती मैदानी मुलखातही लागली.

थंडीचा प्रश्न सुटला, पावसाचा राहिला. वर महाबळेश्वर, खाली महाड आणि मध्ये पोलादपूर. डोंगरावर कोसळतं ते सगळं सावित्री नदी आमच्या दारावरून नेते.

खड्डा खणायला मीही होतो. वीतभर तांबडी माती निघाली आणि पहार मुरमावर ठणठणू लागली. मामांनी खड्ड्यात घागरभर पाणी ओतून ठेवलं. सकाळी ते तसंच उभं! सफरचंदाच्या मुळांना पाणी तुंबलेलं मुळीच चालत नाही, ती कुजतात. मग बेत बदलला. खड्डा बुजवून त्यावर दगडांचा गुडघाभर गडगा गोल रचला आणि रोपाची जागा उंचावर केली. महाडच्या एका स्नेह्याने सावित्रीतून उपसलेला गाळ देऊ केला होता. 2021 च्या पुरानंतर तो निघाला होता भरपूर. भातखाचराला तो सोनं, पण या चौथऱ्यात बारीक गाळ म्हणजे पुन्हा चिखलच. मामांनी नको म्हटलं ते बरं केलं. त्याऐवजी तांबडी माती, चाळलेला मुरूम आणि उकिरड्याच्या तळचं काळं, भुसभुशीत शेणखत घातलं.

खताचं गणित मात्र वाटतं तितकं सोपं नाही. एवढ्या पावसात चुना आणि मॅग्नेशियम धुऊन जातात, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहतात. माती आम्लधर्मी होते आणि घातलेलं स्फुरद तिच्यातच अडकून बसतं. युरियाची तऱ्हा उलटी, तो पाण्याबरोबर निघून जातो. आंब्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोष्टक आहे: दहा वर्षांच्या हापूसला 50 किलो शेणखत, 3 किलो युरिया, 3 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, वर पालाश. फांद्यांच्या घेराखाली चर काढून ते द्यायचं. सफरचंदाचं तसं कोष्टक मामांच्या हाती नव्हतं. त्यांनी युरिया मुठीने दिला, तोही पाऊस ओसरल्यावर. जास्त नत्राने नुसती पानं माजतात, हे त्यांना आंब्यानेच शिकवलं होतं.

खरी ओढाताण झाली ती पातेऱ्यावरून. पातेरा म्हणजे ऐन-किंजळीचा सुका पाला; तो उन्हाळ्यात गोळा करून मामी भाताच्या रोपांसाठी राब भाजते. शेण, पाला, गवत आणि वर मातीचा थर पेटवला की तणाचं बी मरतं आणि राखेने रोपं जोमाने येतात. मामांना तोच पाला झाडाच्या बुंध्याभोवती हवा होता, म्हणजे सरींच्या माऱ्याने माती निघून जाणार नाही आणि पाला कुजून तिच्यात जीव येईल. चुलीच्या राखेचंही तेच, मामांना ती आम्लता मोडायला हवी आणि मामीला भांडी घासायला.

"तुमच्या त्या हिमाचलच्या पाहुण्यासाठी भात उपाशी ठेवू होय?" मामी विचारायची.

तरी मामांनी थोडा पाला बुंध्याभोवती टाकलाच. पुढच्या पावसाळ्यात त्या जागी माती हाताने उकरली तर मऊ लागली आणि खाली गांडुळं दिसली. तीन पावलांवर, उघड्या जमिनीत, खुरपं उडालं. त्यानंतरच्या फेब्रुवारीत सफरचंदाला थोडी फुलं आली आणि फळं धरली ती लिंबाएवढी, आंबट. पण शेजारच्या आंब्याखालीही मामांनी पाला पसरला होता आणि त्याची पालवी मामीच्या नजरेत भरली.

आता वाटणी ठरली आहे. माळावरचा पाला राबाला, परसातला झाडांना. कुंपणाला गिरिपुष्पाचे खुंटे लावलेत, त्यांचा हिरवा पाला पावसाळ्यात दोघांनाही तोडता येतो. राख मात्र मामी अजून मोजूनच देते.