फ्रीजने घेतलेली ओरल

इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली रे झाली, की घरातल्या यच्चयावत नादुरुस्त वस्तूंचं पालकत्व आपल्याकडे येतं. मग तुम्ही सिव्हिलला असा, कॉम्प्युटरला असा, नाहीतर माझ्यासारखे मेकॅनिकलला. मिक्सर, इस्त्री, शेजारच्या काकूंचा कूलर... "अगं, तुझा मुलगा इंजिनिअरिंगला ना? मग दाखव की त्याला!" आता आपण हातात कानस धरली ती वर्कशॉपच्या जॉबपुरती, आणि तो जॉबही अर्धा वर्कशॉपच्या मामांनी करून दिलेला, हे काकूंना कोण सांगणार? आपण आपली मान डोलावतो. आमच्या घरी या मान डोलावण्याची किंमत एकदा आजीने मोजली.

मागच्या एप्रिलची गोष्ट. टी.ई.चं सबमिशन चालू होतं. मी होस्टेलवर मित्राच्या फाईलचा 'सखोल अभ्यास' करत बसलो होतो (काय ते तुम्ही समजलात). तेवढ्यात आईचा भुसावळहून फोन.

"अरे, फ्रीज बिघडलाय. वर बर्फ होतोय, पण खाली काहीच थंड होत नाही. दूध नासलं. आजीच्या इन्शुलिनच्या बाटल्या कुठे ठेवू?"

थर्मोडायनॅमिक्समध्ये मला 68 पडले होते. त्या 68 मार्कांच्या जोरावर मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "फ्रीझर चालू आहे ना? मग तिथे ठेव. जास्त थंड म्हणजे उलट चांगलंच!" आणि पुन्हा फाईलमध्ये डोकं घातलं.

इन्शुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. एकदा गोठलं की ते वाया गेलं. वितळवून पुन्हा पाण्यासारखं दिसलं तरी त्याचा भरवसा नाही. हे खोक्यावर छापलेलं असतं. मी खोकं वाचलेलं नव्हतं, आणि आईने मला विचारल्यावर खोकं वाचायची तिला गरज वाटली नाही. चार दिवस आजी गोठलेली बाटली बाहेर काढून, वितळवून इंजेक्शन घेत राहिली. पाचव्या दिवशी तिची शुगर 412 निघाली. दोन दिवस दवाखाना. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "इन्शुलिन कुठे ठेवता?" आजीने म्हणे अभिमानाने सांगितलं, "फ्रीझरमध्ये. नातवाने सांगितलं, तो इंजिनिअर आहे."

मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बाबासुद्धा नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

सबमिशन संपवून घरी पोचलो तेव्हा भुसावळ 44 अंशांवर तापलं होतं. नवीन बाटल्या केमिस्टने स्वतःच्या फ्रीजमध्ये ठेवून घेतल्या होत्या. चालू बाटली आजीने स्टीलच्या डबीत घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या लहान मडक्यात ठेवली होती. मी थर्मामीटर आत सोडला. 26! आमच्याकडची कोरडी हवा आणि पाझरणारं मडकं, बाष्पीभवनाने बाकीचं काम केलेलं. वापरात असलेल्या बाटलीला महिनाभर तेवढं चालतं, हे मी या वेळी खोक्यावर वाचून मगच 'हो' म्हटलं.

आता फ्रीज. आधी एक मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने दार उघडलं, आत हात घातला, दार लावलं आणि म्हणाला, "गॅस गेलाय. साडेतीन हजार." बाबा पैसे काढणारच होते. मी म्हटलं, थांबा. या वेळी 'थांबा' एवढंच म्हटलं, पुढचं काही नाही.

सोप्या गोष्टी आधी बघितल्या. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढली, ती घट्ट बसत होती. नॉब ठीक. फ्रीजच्या बाजू चांगल्या गरम लागत होत्या. आई म्हणाली, "बघ, तापतोय, म्हणूनच बिघडलाय." पण आमच्या फ्रीजचा कंडेन्सर बाजूंच्या पत्र्याआड असतो. बाजू गरम आहेत म्हणजे आतली उष्णता बाहेर येतेय, म्हणजे कॉम्प्रेसर आणि गॅस आपलं काम करताहेत. पुस्तकातला चौकोनी आलेख मला पहिल्यांदा हाताला लागला.

मग थंडी जाते कुठे? दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये थंड करणारी कॉइल एकच, फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड. तिथली गार हवा पंखा एका बोळातून खाली ढकलतो. प्लग काढला, चार स्क्रू काढले, पॅनेल ओढलं... आत कॉइल दिसतच नव्हती! वरपासून खालपर्यंत बर्फाची भिंत. गॅस कमी असता तर कॉइलच्या एका टोकालाच बर्फ धरला असता. इथे हवेला जायला फटच उरली नव्हती. वरचा कप्पा त्या भिंतीला चिकटून म्हणून गार, आणि खालचा कोरडा ठणठणीत.

बाबा लगेच सुरी घेऊन आले. ती मी हातातून काढून घेतली. ॲल्युमिनियमच्या नळीला एक भोक पडलं, की मग खरंच गॅस गेला. रात्रभर दार उघडं ठेवलं, खाली जुनी लुगडी अंथरली. सकाळी प्लग लावला, दुपारपर्यंत खालचा कप्पा 6 अंशांवर! आईने शेजारी सांगून टाकलं. काकूंचा कूलर दारात आला. आजीने बोटं मोडून दृष्ट काढली.

पाचव्या दिवशी दूध पुन्हा नासलं.

मी फक्त बर्फ वितळवला होता. तो का साठला, हे विचारलंच नव्हतं. दर वेळी दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते आणि तिचा हिमकण होऊन कॉइलवर बसतो. तो वितळवायला कॉइलखाली हीटर असतो. कॉम्प्रेसर काही तास चालला, की टायमर तो बंद करून हीटर लावतो. म्हणजे गुन्हेगार तीन: हीटर, त्याच्या जोडीचा बायमेटल थर्मोस्टॅट, किंवा टायमर. हीटरवर 150 वॅट लिहिलेलं. व्होल्टेजचा वर्ग भागिले पॉवर, सुमारे 350 ओहम. मल्टीमीटरने 347 दाखवले. हीटर निर्दोष! बायमेटल मात्र उघडा, सर्किटच नाही. सापडला! तो घेऊन मी ऐटीत स्टेशनजवळच्या जुन्या दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलो. "हा द्या नवीन."

चाचांनी तो उलटसुलट बघितला. "इंजिनिअर साब, ये तो अभी गरम है. गरम में खुला ही रहेगा ना? बरफ में नमक डालके देखो."

बर्फ जमलेला असेल तेव्हाच हीटर लागावा, म्हणून हा थंडीतच जोडला जातो. साधं आहे. पण ऐंशी मार्कांच्या पेपरात कोणी विचारलं नव्हतं. चाचांच्या चहाच्या ग्लासात बर्फ आणि मीठ घालून तो बुडवला. दोन-तीन मिनिटांनी टक्! मीटर शून्यावर आला. तोही निर्दोष.

"टायमरच्या दांड्यावर पेन्सिलीची खूण करा," चाचा म्हणाले, "आणि सहा तासांनी बघा." बस्स. ना मीटर, ना सूत्र. त्या उन्हात आमचा कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. मी दुपारी एकला खूण केली. सातला बघितलं, खूण जागच्या जागी. खात्रीसाठी स्क्रूड्रायव्हरने दांडा हळूहळू फिरवला, टक् झालं, कॉम्प्रेसर गप्प झाला आणि थोड्या वेळाने पॅनेलमागे पाणी टपटपायला लागलं. घड्याळच बंद पडलेलं होतं.

नवा टायमर साडेचारशेला मिळाला. चाचांनी सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत. मी आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून ठेवलं. त्यानंतरच केमिस्टकडच्या बाटल्या घरी आणल्या. मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून दूर. आजीला म्हटलं, "आजी, चूक माझी होती." ती म्हणाली, "हं. तो थर्मामीटर कसा वाचायचा, ते दाखव आधी."

जुना टायमर मी होस्टेलवर आणून उघडला. आतल्या एका प्लास्टिकच्या चाकाचे दोन दात झिजून गेलेत. बाकी सगळं ठणठणीत.

आजीचा रोज रात्री नऊला फोन येतो. मी जेवलो का, हे ती नंतर विचारते. आधी सांगते, "पाच आहे रे."