फळ्यांचा खेळ आणि सहा जणांची भिशी

आम्ही सहा जण थंडीच्या दिवसांत वॉटर स्कीइंग करतो, असे सांगितले की ऐकणारा समाजबांधव प्रथम हसतो आणि थोड्या वेळाने हळूच विचारतो, "पण हे परवडते कसे?" प्रश्न रास्त आहे. आम्हालाही तो दोन वर्षे पडला होता. त्याचे उत्तर तोंडी इतक्या वेळा देऊन झाले आहे की आता एकदा सविस्तर लिहून टाकावे असे सर्वांनी ठरवले.

आम्ही सहा जण म्हणजे कोणी साहेब नव्हेत. दोघे रेल्वेच्या कारखान्यात, त्यातले एक सुतारकामावर. एक बेस्टमध्ये ड्रायव्हर. एक पालिकेच्या सफाई खात्यात. एक ताई रुग्णालयात परिचारिका आणि मावशी त्याच रुग्णालयात आया. सर्वांत धाकटा ३४ वर्षांचा, मावशी ५२ च्या. राहतो एकाच वसाहतीत. खेळ असा की दोन्ही पायांत लांब फळ्या अडकवायच्या, हातात दोरीची मूठ धरायची, दोरीचे दुसरे टोक मोटारबोटीला, आणि बोट पळू लागली की आपण पाण्यावर उभे राहून मागोमाग घसरत जायचे. दूरदर्शनवर पाहिले तेव्हापासून तो आमच्या धाकट्याच्या डोक्यात बसला होता.

वसाहतीतल्या वडीलधाऱ्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "हे श्रीमंतांचे चोचले." यावर आमच्या ताईंनी वाचनालयात बसून जी माहिती काढली ती येथे देणे जरूर आहे. हा खेळ १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिसिसिपी नदीच पसरून झालेल्या पेपिन नावाच्या सरोवरावर, राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने शोधून काढला. त्याने आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, बुडाला. मग बर्फावर घसरण्याच्या फळ्या घेतल्या, पुन्हा बुडाला. शेवटी लाकडाच्या वखारीतून आठ फुटांच्या दोन फळ्या आणल्या, त्यांची टोके आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून मऊ केली, वाकवली, वर चामड्याचे पट्टे ठोकले. दोरी खिडकीला वापरतात तसली साधी, आणि धरायला लोहाराकडून करून घेतलेली लोखंडी कडी. बोट भाऊ चालवी. २ जुलै १९२२ रोजी, एकोणिसावा वाढदिवस एका दिवसावर आला असताना, तो पाण्यावर उभा राहिला. त्याने याचे पेटंट काही घेतले नाही. तसल्या फळ्यांचे पेटंट १९२५ मध्ये फ्रेड वॉलर या दुसऱ्याच गृहस्थाने घेतले. सॅम्युएलसनला पहिला मान मिळाला तो १९६६ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. हे ऐकून आमचे सुतारदादा एवढेच म्हणाले, "म्हणजे खेळ आपल्याच माणसाचा आहे. पेटंट दुसऱ्याने नेले, तेही ओळखीचेच."

तर मग महाग काय आहे? फळ्या नव्हेत. जुनी जोडी मिळाली तर ती वर्षानुवर्षे चालते. महाग आहे ती बोट, आणि बोटीपेक्षाही तिचे पेट्रोल. एका माणसाला ओढण्यासाठी एक इंजिन, एक चालक आणि एक मदतनीस राबतात. टॅक्सीत एकट्याने बसण्यासारखाच हा प्रकार. जर्मनीत ब्रुनो रिक्सेन नावाच्या अभियंत्याने १९६० च्या सुमारास यावर तोड काढली. तळ्याभोवती खांब उभारून वरून तार फिरवायची, तार विजेच्या मोटारीवर चालवायची आणि तिच्या दोऱ्यांना एकाच वेळी अनेकांनी धरायचे. टॅक्सीची बस झाली. आपल्याकडे इतकी धरणे आहेत. एखाद्या जलाशयावर अशी तार फिरू लागली तर कामगारांची पोरे बसच्या तिकिटासारखे तिकीट काढून हा खेळ खेळतील, असे आम्हाला वाटते. पण त्याची वाट पाहत बसलो असतो तर मावशी सत्तरीच्या झाल्या असत्या.

आम्ही बोटीचाच विचार केला आणि त्यातली एक गोष्ट हिशेबाला सोपी निघाली. नवखा माणूस दोरी धरून दहा मिनिटांपेक्षा जास्त टिकूच शकत नाही. हात भरून येतात, मांड्या थरथरतात. म्हणजे बोट तासभर घेतली तर एकाला ती जास्तच होते, सहा जणांना बरोबर पुरते. किनाऱ्यावर शनिवार-रविवारी माणशी फेरीचा जो दर सांगतात तो आम्हाला झेपणारा नव्हता. पण बोट तासाच्या हिशेबाने, आडवारी, सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी घेतली तर बोटवालाही खूश असतो. आणि आडवारची सुट्टी कोणाला असते? साहेबाला नाही. पाळीवर काम करणाऱ्यालाच असते. ज्या पाळीला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या ती येथे कामी आली. मात्र सहा जणांची सुट्टी एका दिवशी आणणे हे पाण्यावर उभे राहण्यापेक्षा अवघड काम आहे. ताईंनी दोन रात्रपाळ्या अंगावर घेऊन एक सोमवार सोडवला, ड्रायव्हरदादांनी सहकाऱ्याशी ड्युटी बदलली.

पैशासाठी भिशी. माणशी महिना ३०० रुपये. नंबर कोणाचाच काढायचा नाही, वर्षाची सारी रक्कम पाण्याची. सहा जणांचे वर्षाला २१,६०० रुपये जमतात. त्यात पोहण्याच्या तलावाची फी, प्रवास, बोट, वडापाव, सगळे आले. बोटीपुरता माणशी खर्च काढला तर चौघांचे कुटुंब मॉलमध्ये सिनेमा पाहून येते त्याहून तो कमी आहे.

आता पोहण्याचे. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण खरी अडचण पैशापेक्षा ही होती. फळ्या बांधण्याआधी पोहता आले पाहिजे. लाइफ जॅकेट असले तरी. आणि आमच्या सहांपैकी पाच जणांना पोहता येत नव्हते. आमच्या वडिलांना येत नव्हते, आजोबांना तर नाहीच. खेड्यात पोर पोहायला शिकते ते विहिरीत. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून चुलता त्याला ढकलून देतो आणि चार दिवसांत ते तरंगू लागते. ज्यांना त्या विहिरीच्या पायरीवर उभे राहता येत नव्हते त्यांच्या पोराला कोण कुठे ढकलणार? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्या हक्काचा उच्च न्यायालयातला निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. ते झगडे पिण्याच्या पाण्यासाठी होते. पोहणे ही पुढची गोष्ट, आणि ती आमच्या घरांपर्यंत यायची राहूनच गेली. भीती मात्र वारशाने आली.

मावशींच्या घरी ती भीती अधिक जवळची आहे. त्यांचा धाकटा भाऊ बारा वर्षांचा असताना वस्तीमागच्या खदाणीत बुडाला. पाणी पुरुषभर खोल होते. काठावर पाच पोरे उभी होती, पोहता एकालाही येत नव्हते. मावशींनी पुढे आपल्या मुलांना कधी चौपाटीवर गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिले नाही. आमच्या भिशीत त्या आल्या त्या केवळ सोबत म्हणून, असे त्या स्वतः सांगतात.

मुंबईत पालिकेचे जलतरण तलाव आहेत. दादरला शिवाजी पार्कचा आहे, चेंबूरला जनरल अरुणकुमार वैद्य यांच्या नावाचा आहे. खासगी क्लबाच्या मानाने फी पुष्कळच कमी असते, डॉक्टरचा दाखला लागतो, महिलांसाठी वेगळी वेळ असते. आम्ही २०२२ च्या उन्हाळ्यात नाव घातले. मोठ्या वयात शिकताना पहिले आठ दिवस फक्त पाण्यात तोंड घालून श्वास सोडायचा असतो. शेजारी सहा वर्षांची पोरे मासोळीसारखी जातात आणि आपण कडेची दांडी धरून बुडबुडे काढतो. लाज वाटते, पण ती चौथ्या दिवशी जाते. मावशींना दांडी सोडायला एक महिना आणि तीन दिवस लागले. ताईंनी त्यांच्या पाठीखाली फक्त दोन बोटे ठेवली होती, आणि एका क्षणी तीही काढून घेतली. मावशी तरंगत होत्या. त्या बाहेर आल्या, अंग पुसले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर एवढेच म्हणाल्या, "एवढेच होते होय रे." कोणाला उद्देशून म्हणाल्या ते आम्ही विचारले नाही.

फळ्यांची तालीम आम्ही इमारतीच्या गच्चीवर केली. उकिडवे बसायचे, गुडघे छातीशी, हात सरळ, हातात झाडूचा दांडा, त्याला दोरी आणि दोरी ओढायला दोघे जण. ओढले जाऊ द्यायचे, आपण ओढायचे नाही. घाईने उभे राहिलात तर तोंडावर, दांडा छातीशी ओढलात तर पाठीवर पडता. हळूहळू, पाण्याने उचलले तसे उठायचे. गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायकांची यात फार करमणूक झाली.

बोट रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीत मिळाली. किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी केळ्याच्या आकाराच्या रबरी बोटीवर बसवून फिरवतात. फळ्या ठेवणारा विरळा. हा बोटवाला कोळी समाजाचा, त्याच्याकडे एक जुनी रुंद जोडी होती आणि ओढायला पुरेसे इंजिन होते. आम्ही आधी नुसते जाऊन पाहून आलो. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का, जॅकेटचे पट्टे शाबूत आहेत का आणि बोटीत चालकाखेरीज मागे पाहणारा दुसरा माणूस असतो का, या तीन गोष्टी वाचकांनीही विचाराव्यात. चालकाची नजर पुढे असते; मागे पडलेल्या माणसावर लक्ष ठेवणारा वेगळाच हवा.

वेळेचा हिशेबही त्यानेच शिकवला. ओहोटीला खाडीत चिखल आणि खडक वर येतात, म्हणून भरतीलाच जायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो: द्वादशी म्हणजे बारा, तिची पाऊणपट नऊ, सकाळी नऊच्या सुमारास भरती. शिवाय सकाळी पाणी काचेसारखे असते, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. पावसाळ्यात सारेच बंद. तेव्हापासून आम्ही कॅलेंडरात एकादशी-द्वादशी पाहतो. उपवासासाठी नव्हे, हे सांगायला नको.

जानेवारी २०२४ मधल्या एका सोमवारी, द्वादशीला, पहाटेच्या लोकलने पनवेल आणि तेथून एस. टी. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त महिलांना निम्मे भाडे आहे, तेवढी भिशीची बचत. सुतारदादा दुसऱ्या प्रयत्नात उभे राहिले, धाकटा सातव्यात. पडल्याबरोबर दोरी सोडायची, एवढे मात्र सर्वांनी पाळले. ड्रायव्हरदादा एकदाही उभे राहिले नाहीत आणि दर वेळी पाण्यातून वर येऊन बोटवाल्याला क्लच कसा सोडावा हे सांगत राहिले. उभे राहिल्यावर कसे वाटते, हे विचारतात. पायाखाली पाणी कडक लागते. फरशीसारखे. आपण ज्याला भीत होतो ते इतके घट्ट असते, हे पायांना कळते.

मावशी त्या दिवशी फळ्यांवर आल्या नाहीत. त्या बोटीत मागे तोंड करून बसल्या. मदतनीस बसलेलाच होता, तरी त्यांनी आपली जागा सोडली नाही. पाण्यात कोणी पडले की हात वर करून चालकाला ओरडायचे आणि पडलेल्याने हात वर करून 'ठीक आहे' सांगेपर्यंत डोळा हलवायचा नाही. दीड तास त्यांनी पापणी लवू दिली नाही. बोटवाला म्हणाला, "आजी, माझ्याकडे नोकरीला या." त्यावर त्या म्हणाल्या, "आजी कोणाला म्हणतोस?"

पुढच्या थंडीत त्या उभ्या राहिल्या. किती वेळ, यावर आमच्यात एकमत नाही. धाकटा चार सेकंद म्हणतो, त्या स्वतः दहा सांगतात. वसाहतीतल्या आणखी पाच जणांना भिशीत यायचे आहे, त्यात मावशींचा नातूही आहे. एका तासात सहाच जण बसतात, म्हणून दुसरी भिशी वेगळी काढावी लागणार. अट एकच ठेवली आहे: तलावाच्या दोन लांब्या न थांबता पोहून दाखवायच्या. पाहायला काठावर मावशी उभ्या राहणार आहेत, आणि नातवाला त्या सूट देतील असे आम्हाला वाटत नाही.